चार इंच कमी

मी त्या दुकानात सात वर्षं होते. त्या सात वर्षांत तिथे कुणाचीही कंबर चाळीस इंचांच्या वर गेली नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये हे सोपं नव्हतं. समोर दालपकवानची गाडी, शेजारी मिठाईचं दुकान, मागच्या गल्लीत सकाळपासून कढई चढलेली, आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे दिवसभर गल्ल्यावर मांडी घालून बसणारे व्यापारी. तरीही कंबर चाळीसच्या आत. याचं सगळं श्रेय आमच्या मास्तरांना.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पँट शिवणारे मास्तर. निर्वासितांच्या जुन्या बराकीच्या कडेला त्यांचं लहानसं दुकान होतं. पुढे कटिंगचं टेबल, मागे दोन मशिनी, भिंतीला गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं. आजूबाजूला सगळीकडे जीन्सचे कारखाने उभे राहिले, शेकड्यांनी पँटी निघू लागल्या, तरी माप देऊन पँट शिवून घेणारी जुनी माणसं मास्तरांना सोडून गेली नव्हती. का गेली नव्हती ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

मी गेले होते काज-बटणाच्या कामाला. नवरा अंबरनाथला एका कंपनीत पाळीवर, मुलगी शाळेत जायला लागलेली, दिवस मोकळा. अंबरनाथ पूर्वेहून शेअर रिक्षा पकडायची, कॅम्प चारला उतरायचं, पाचपर्यंत काम करून परत. माझं अक्षर बरं आहे हे पाहून मास्तरांनी मापाची वहीपण माझ्याकडे दिली. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात नियम सांगितला.

"पोरी, कंबरेचा आकडा मी बोलेन त्यात चार मिलवायचे नि मग लिवायचे. तोंडातून काय काढायचा नाय."

"म्हणजे चौतीस म्हणालात तर अडतीस?"

"आता काढलास तेवढा काढलास. परत नाय."

चाळीसच्या पुढे तर ते बोलतच नसत. खोकत. 'चाळीस' म्हणून जितक्या वेळा खोकतील तितके इंच त्या चारांवर आणखी चढवायचे. पद्धत बिनचूक होती. फक्त एका पावसाळ्यात त्यांना खरोखरच खोकला झाला, आणि पतपेढीतल्या एका कारकुनाची पँट अशी तयार झाली की तिच्यात तो आणि त्याची बायको दोघं आरामात मावली असती. ट्रायलला त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मास्तर त्याला गंभीरपणे म्हणाले, "धुतला का आटेल." तो बिचारा घेऊनही गेला.

लेबलावरही बोललेलाच आकडा टाकायचा. शिवाय मागच्या शिवणीत दोन इंच कापड दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या दिवाळीला गिऱ्हाईक 'जरा घट्ट होतेय' म्हणालं की 'कापडाचा दोष' म्हणून गुपचूप सोडून द्यायचं. काटकुळ्या माणसांनाही मास्तर अंतर देत नसत. लग्न ठरलेला एखादा पोरगा भावी सासऱ्याला घेऊन यायचा. सासरा बाकड्यावर बसून ऐकत असायचा. मास्तर टेप लावायचे आणि छाती दोन इंच वाढवून जोरात बोलायचे. सासऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. तेवढे दोन इंच मी वहीत वजा करायची.

आमचे एक कापडाचे होलसेलवाले शेठ होते. फार जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे त्यांना सवलतही जास्त, चाराच्या जागी आठ. त्यांची कंबर चव्वेचाळीस होती आणि लेबल छत्तीस. एकदा डॉक्टरांनी त्यांना पोट कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी दवाखान्यात पट्टा सोडून लेबल उलटून दाखवलं. तिथून तडक दुकानात आले. रागाने लाल झाले होते.

"मास्टर, मैंने बोला, डॉक्टर साब, ये देखो, छत्तीस. पंद्रह साल से छत्तीस है. तो वो बोलता है, मैं नापूँ? उसका टेप ही खराब है."

"सरकारी टेप होगा," मास्तर म्हणाले.

त्याच वर्षी शेठना अॅटॅक आला. वाचले. सहा महिन्यांनी आले ते बरेच उतरलेले. गालांची हाडं दिसत होती. नव्या पँटीसाठी मास्तरांनी टेप लावला तर कंबर खरीखुरी अडतीस भरली. आता काय बोलायचं? आठ वजा करावेत तर तीस, त्यावर शेठचाही विश्वास बसला नसता; खरा अडतीस बोलावा तर आजवरचे आठ उघडे पडायचे. मास्तर ठरल्याप्रमाणे 'छत्तीस' बोलले. शेठचं तोंड उतरलं. "इतना वजन घटाया, मास्टर. फीका खाया, घास-फूस खाया. फिर भी छत्तीस?" मास्तरांनी शेठसाठी चहा मागवला, बिनसाखरेचा.

गिऱ्हाईक गेलं की चार-साडेचारला मास्तर वही मागायचे. स्वतः वाचायचे नाहीत, मला वाचायला लावायचे. एकेका माणसाची मागची मापं मी वाचत जायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. "मागच्या दिवालीला एकोनचालीस होता ना ह्यो? आता तेचालीस. मांडी तेवढीच हाय, पोट तेवढा वाढला. ह्याला साखर येनार." आणि यायची. सहा महिन्यांत, वर्षात त्या माणसाच्या खिशात गोळ्यांची पाकिटं दिसू लागायची. कुणाला प्रेशर, कुणाला साखर, कुणाचे गुडघे. मास्तरांना ते डॉक्टरांच्या आधी कळलेलं असायचं. मी एकदा न राहवून विचारलं, "मग तुम्ही सांगत का नाही त्यांना? वेळेवर सांगितलं तर सावरतील."

मास्तर माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी उलटी शिवण घातली आहे.

"शिंप्याकडं मानूस इज्जत घ्यायला येतो पोरी. आजार घ्यायला दवाखाना हाय की."

स्वतःचं माप त्यांनी कधी घेतलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पँटी शिवणारा हा माणूस नाडीचा लेंगा घालायचा. लेंग्याला आकडा नसतो, नाडी कुठवर ओढायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. नाडी दरवर्षी थोडी आखूड पडत गेली आणि दरवर्षी काकी, म्हणजे त्यांची बायको, लांब नाडी ओवत गेली. माझ्या अंदाजाने मास्तर पन्नाशीच्या पुढे होते. वयाने नव्हे, वयाने ते साठीच्या पुढे होते. मी इंचांबद्दल बोलतेय.

सकाळी आले की आधी समोरचं दालपकवान. मग चहा, मग काम. अकराला परत चहा आणि त्याबरोबर खारी. त्यांना साखर निघाली होती मी यायच्याही आधी, पण साखरेची गोळी हे औषध आहे हे त्यांनी कधी मानलं नाही. ती त्यांच्या लेखी परवानगी होती. ज्या दिवशी साधं जेवण त्या दिवशी गोळी नाही. लग्नाचं जेवण असेल तर दोन. वांगणीकडे त्यांचं गाव, भाऊबंद मोठे, सुपारी फुटली की लग्न आणि लग्न झालं की पूजा, त्यामुळे काही महिन्यांत गोळ्या फार खपायच्या आणि काही महिन्यांत पाकीट तसंच राहायचं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा म्हणाले, "सकालपासून मशीनवर पाय चालवतोय, अजून किती चालू?" त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली. मी आठवण करून दिली तर म्हणाले, पाय दुखतात.

हे सगळं मी हसत हसत पाहत होते. तुम्हीही हसला असाल तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पहिली पाच वर्षं माझी अशीच मजेत गेली, आणि खरं तर दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मी इतकं शिकले नसते. कापड अंगाला कसं बसतं हे मला मास्तरांनी शिकवलं, तेही एकदाही आवाज न चढवता.

मग सुया ओवायचं काम माझ्याकडे आलं. आधी एखादी, मग सकाळी आल्या आल्या दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवायच्या, काळ्या दोऱ्याच्या, तपकिरी दोऱ्याच्या. मास्तर म्हणायचे, "जल्ला दोरा आता जाड येतो." मग ट्यूबलाइट बदलली. मग खडू बदलला, रेघ दिसत नाही म्हणून. मग टेबल दाराशी ओढलं. दुकानात बदलायचं काही राहिलं नाही तरी डोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. टेप लावल्यावर ते आता आकडा वाचत नव्हते, बोटांनी चाचपून सांगत होते. पन्नास वर्षांची सवय, बहुतेक वेळा बरोबरच यायचा.

बदलापूरच्या एका नवरदेवाची पँट होती. गर्द निळं कापड. टेबलावर त्याच सुमाराला दुसऱ्या कुणाचं काळं कापड कापून ठेवलेलं. मास्तरांनी जोडणी केली, मी काज-बटण केलं, इस्त्री झाली, घडी घालून पिशवीत गेली. ट्यूबच्या उजेडात मलाही काही वेगळं दिसलं नाही. लग्न भर दुपारी, मोकळ्या मैदानात मांडव. नवरदेव वरातीच्या घोड्यावर बसला आणि फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. उजवा पाय निळा, डावा काळा. पुढचे चार तास नवरीकडच्या पोरींना दुसरा विषय नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. मी भांडणाच्या तयारीत उभी होते. त्यांनी पँट टेबलावर ठेवली, दाराकडच्या उजेडात सारली आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, माझीपण पँट तुम्हीच शिवली होती माझ्या लग्नात. डोळे तपासून घ्या." आणि निघून गेले. मास्तर त्या पँटीवर बराच वेळ हात फिरवत उभे राहिले. "दोन्ही सारख्याच हाईत," ते मला म्हणाले. मग काही वेळाने, "हाईत ना?" तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पूर्ण पिकलेला. अंबरनाथला एका सभागृहात शिबिर होतं. तिथे तपासणी आणि शिबिरवाल्यांच्याच हॉस्पिटलात ऑपरेशन. अट एकच, साखर ताब्यात पाहिजे. मास्तरांनी ही अट परीक्षेसारखी घेतली. तीन दिवस जेवण बंद, नुसते उकडलेले मूग, आणि गोळ्या दुप्पट. तिसऱ्या दिवशी दुपारी कात्री हातात असताना त्यांना दरदरून घाम फुटला आणि ते टेबलावर आडवे झाले. ओठ पांढरे, हात थरथरत होते. मी धावत जाऊन समोरच्या गाडीवरून वाटीभर साखर आणली आणि चिमटीने तोंडात घातली. दहा मिनिटांनी डोळे उघडून ते काय म्हणाले असतील?

"बघ, किती खाली गेली. पास झालो आपुन."

झालेच पास. बोटातून रक्त काढलं तर आकडा असा सुंदर की तिथल्या नर्सबाईंनी कौतुक केलं. मग त्यांनी फॉर्म माझ्याकडे दिला, गर्दी होती म्हणून. त्यात एक रकाना होता, घरी साखर साधारण किती असते. मास्तरांच्या मुलीने नाशिकहून पाठवलेलं साखर मोजायचं मशीन त्यांच्या घरी होतं. काकींना अक्षरं येत नव्हती पण आकडे येत होते, त्या रोज बोट टोचून कॅलेंडरवर आकडा मांडायच्या. कधी दोनशे ऐंशी, कधी तीनशेच्या वर. मला ते माहीत होतं. मी मास्तरांकडे पाहिलं. ते समोर बघत शांतपणे म्हणाले, "एकशे सत्तर लिव."

मी लिहिलं. दुकानात त्यांनी बोललेल्या आकड्यात मिळवायचं काम माझं होतं, आणि नेमकं त्या दिवशी मी काहीही मिळवलं नाही. रांगेत माणसं होती, त्यांच्यात आमची दोन गिऱ्हाइकं होती, मास्तरांची शोभा नको असं मला वाटलं. मला त्याची लाज आजही वाटते.

ऑपरेशन उत्तम झालं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडत होते आणि मास्तर त्यांना मोडू देत होते. पट्टी काढल्यावर मास्तरांनी माझ्या ओढणीचा रंग सांगितला, भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचली. मग सूचना. दिवसातून ठरलेल्या वेळी थेंब, हात धुऊन. डोळ्याला हात नाही, पाणी नाही, धूळ नाही, खाली वाकायचं नाही. आणि दुखलं, लाल झालं किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी या. हे शेवटचं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. मास्तरांनी दोनदा मान हलवली.

पाचव्या दिवशी ते दुकानात आले, काळा गॉगल लावून. "नुसता बसतो," म्हणाले. अर्ध्या तासात खडू हातात होता. आमच्या गल्लीत दिवसभर जीन्सचा भुसा हवेत तरंगत असतो, खिडकीच्या गजांवर निळा थर बसतो. मी दार लोटून घेतलं, त्यांनी उजेडासाठी परत उघडलं. डोळ्यातून पाणी येत होतं. ते टिपायला त्यांनी टेबलावरची चिंधी उचलली, अस्तराची. मी ती हातातून ओढून घेतली तर दुसरी उचलली.

सहाव्या दिवशी गॉगलच्या कडेने डोळा लालभडक दिसत होता.

"मास्तर, दुखतंय का?"

"थोडा. जखम भरतेय, दुखनारच."

"दिसतंय का नीट?"

"दिसताय की. जरा धुका हाय."

इतकी वर्षं मी त्यांचे आकडे ऐकत होते. त्यांचं 'थोडा' म्हणजे किती हे जगात कुणाला कळायला हवं होतं तर ते मला. मी विश्वास ठेवला. ते घरी काकींनाही तेच सांगत होते. आठव्या दिवशी सकाळी काकींचा फोन आला. रात्रभर भिंतीला डोकं टेकून बसलेत, म्हणाल्या. आम्ही त्यांना रिक्षात घातलं. शिबिराच्या डॉक्टरांनी डोळा बघितला आणि ताबडतोब ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. डोळ्याच्या आत पू झाला होता. डोळ्यातच इंजेक्शनं दिली, मग दुसरं ऑपरेशन झालं. बुबुळ जागेवर राहिलं, नजर गेली. दिवा लावला की विझवला एवढंच त्या डोळ्याला कळत होतं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? मास्तर म्हणाले, काल. काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

गल्लीत मास्तरांनी सांगितलं, डॉक्टरनं डोला बिघडवला. लोकांनी चुकचुकून ऐकलं. दालपकवान परत सुरू झालं, दुःखात माणसाला भूक लागतेच.

एका वर्षात डावाही पिकला. आता ते कापड नाकाजवळ नेऊन बघायचे. दुकान चालू होतं ते माझ्या हातावर. कटिंग मी करायची आणि ते माझ्यामागे उभं राहून कात्रीचा आवाज ऐकायचे. आवाजावरून चूक ओळखायचे, हे खरं आहे. पण एकदा कुणी नसताना म्हणाले, "कालोखात मना जगता नाय यायचा पोरी. मी काय करू बसून?" हा माणूस कधी रडगाणं गात नसे.

काकींनी बदलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. ठाण्याला जायला मास्तर तयार नव्हते, तिथे त्यांचे खऱ्या आकड्यांचे कागद होते. काकी मला म्हणाल्या, "बाय, तू चल. मना त्यांचा बोलना समजत नाय." म्हणून मी गेले. जाण्याआधी मास्तरांनी पुन्हा तीन दिवस मूग खाल्ले होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दवाखाना लहान. तपासणीची खोली आणि बाहेरचं बाकडं यांच्यात फक्त एक पडदा. त्यांनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारली.

"हा डोळा कशाने गेला, काका?"

"लहानपनी विटी लागली," मास्तर म्हणाले. न अडखळता.

"आणि साखर किती असते?"

"एकशे साठ, एकशे सत्तर."

बाईंनी लिहायला पेन टेकवलं. पडद्याच्या खाली बाहेरच्या लोकांच्या चपला दिसत होत्या. त्यांच्यात कॅम्प चारचे होलसेलवाले शेठ बसलेले मी येताना पाहिले होते, मास्तरांनीही त्यांच्या आवाजावरून ओळखून नमस्कार केला होता. मला हळू बोलता आलं असतं. पण भीतीने माझा आवाज चढला तो चढलाच.

"विटी लागली नव्हती, मॅडम. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत पू झाला होता, ठाण्याला परत ऑपरेशन केलं. साखर तीनशे दहा असते. आज कमी दिसेल, तीन दिवस उपाशी आहेत. दुखत होतं ते दोन दिवस सांगितलं नाही."

बाहेरची कुजबुज थांबली. बाईंनी पेन खाली ठेवलं. मास्तर स्टुलावर बसले होते, हात मांड्यांवर. त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे बरंच होतं.

बाई रागावल्या नाहीत. मागच्या तीन महिन्यांची साखर एका तपासणीत कळते, ती करून घ्या म्हणाल्या. ती केली आणि कळली. "काका, एकच डोळा उरलाय. ह्या साखरेवर मी हात लावणार नाही. तीन महिने घ्या, खाली आणा, मग या. ठाण्याचे कागदपण आणा." तारीख काही दिली नाही.

बाहेर आल्यावर शेठनी विचारलं, "मास्टर, सब ठीक?" मास्तर काकींचा हात धरून तसेच पुढे गेले. रस्त्यावर रिक्षा थांबवली, काकींच्या हाताने आत बसले आणि मग मला म्हणाले, "तू आता दुकानात येऊ नको."

मी रडले, हे कबूल करते. बरोबर वागल्याचं समाधान वगैरे मला वाटलं नाही. सात वर्षांचं काम गेलं आणि त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला कठोर शब्द होता. मी तेव्हाच बदलापूरला राहायला जायच्या खटपटीत होते. तिथे घरीच ब्लाउज शिवायला घेतले. बायकांची मापं घेताना मी आकडे काही बोलत नाही, लिहिते फक्त.

पुढचं मला काकींच्या फोनवरून कळत गेलं. मास्तरांनी माझं नाव घरात काढायला बंदी केली होती, आणि दिवसभर दुसऱ्या कशाबद्दल बोलत नव्हते. "भर लोकांत माझा आकडा फोडलान तिनं. शेठच्या समोर. आता तिला खोटी पाडतो का नाय बघ." आणि केवळ मला खोटी पाडायला हा माणूस पहाटे उठून काकींचा हात धरून चालू लागला. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग मोठ्या रस्त्यापर्यंत. दिसत नव्हतं म्हणून पावलं मोजायचे. गोळी रोज, एकच. पकवानवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसायचे आणि फिका चहा पिऊन उठायचे. गावच्या दोन लग्नांना गेले नाहीत, तब्येतीमुळे नव्हे, रागामुळे. डॉक्टरांनी, मुलीने, काकींनी वर्षानुवर्षं सांगून जे झालं नाही ते माझ्यावरच्या रागाने झालं. काकी म्हणाल्या, "लेंग्याची नाडी कापली बाय मी. एवढी लोंबाया लागली."

साडेतीन महिन्यांनी तपासणी झाली. काकींनी मला आकडा सांगितला, मी तो त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतला आणि कागदाचा फोटो मागवला. सवय. आकडा खाली आला होता, आणि खरा होता. मास्तर तो कागद घेऊन आधी शेठकडे गेले होते म्हणे, दवाखान्यात नंतर.

ऑपरेशनच्या दिवशी मी गेले नाही. काकी म्हणाल्या होत्या, येऊ नको, उगाच रागाने प्रेशर वाढायचं. नंतर पंधरा दिवस रोज फोन करून मी तेच तीन प्रश्न विचारायची. दुखतंय का, लाल आहे का, धूसर दिसतंय का. काकी म्हणायच्या, नाय नाय, बरा हाय. पण आता माझा बऱ्यावर विश्वास राहिला नव्हता. आधीच्या डोळ्यालाही पाच दिवस बरंच होतं. आणि काकी तरी मास्तर जे सांगणार तेच मला सांगणार. मग त्यांचा मोबाइल बिघडला की काय कोण जाणे, फोन लागेनासा झाला. महिना गेला. मी रात्रंदिवस त्याच विचारात.

मार्चमध्ये अस्तर आणि हुक आणायला मी कॅम्प चारला गेले. घाऊक भावात तिथेच मिळतात, दुसरं काही कारण नव्हतं, असं मी नवऱ्याला सांगितलं. ऊन रणरणत होतं. मी ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळली होती, डोळे तेवढे उघडे. माझ्यासारख्या ओढणी गुंडाळलेल्या बायका रस्त्यावर पन्नास असतील. मोठ्या रस्त्याला आले आणि पलीकडच्या फुटपाथवर मास्तर दिसले.

मेडिकलच्या पायरीवर एकटेच उभे होते. काठी नाही, काकी नाही. अंगाने निम्मे झाले होते. मध्ये रिक्षा, टेम्पो, हातगाड्या, सगळं चाललेलं. मी जागच्या जागी थांबले. त्यांनी हातातल्या पिशवीतून नजर वर केली, रस्त्यावरून फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. ते बघत राहिले. मीही. मग त्यांचं तोंड कडू झालं, त्यांनी मला सरळ पाठ दाखवली आणि दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून, मी निघून जाईपर्यंत तसेच उभे राहिले.

संध्याकाळी नवरा घरी आला तेव्हा मी शिरा केला होता. त्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, मास्तरांनी मला रस्त्याच्या पलीकडून ओळखलं आणि तोंड फिरवलं.